रॉकेटाचे कान

समजा, तुमच्या हातात एक दगड आहे. समोर चिंचेचं झाड, आणि वरच्या फांदीला एक गाभुळलेली चिंच. तुम्ही एक डोळा मिटता, हात मागं नेता आणि दगड सोडता.

दगड हवेत आहे तोवर आपण जरा थांबू. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि दगड बाजूला सरकला, अशी कल्पना करा. झाडापलीकडं एका घराचं अंगण आहे. अंगणात कुणीतरी तान्हं बाळ घेऊन उन्हाला बसलं आहे. आता तुम्ही कितीही ओरडलात तरी दगड मागं फिरणार नाही. हातातून सुटला, की तो तुमचा राहिला नाही.

आणि आता समजा, त्या दगडाला कान आहेत. मास्तर एखाद्या पोराला कान धरून वळवतात, तसं त्या दगडाला हवेतल्या हवेत वळवता येतं. अंगण टाळायचं तर डावीकडं, चिंच हवी तर उजवीकडं. असा दगड चांगला की वाईट? लगेच हात वर करू नका. आधी श्रुतीची गोष्ट ऐका.

श्रुती दहा वर्षांची होती आणि कोल्हापुरात राहायची. उद्यमनगरात तिच्या पप्पांची, प्रसेनजीत त्यांचं नाव, पत्र्याची एक शेड होती. तिथं इंजिनांचे, पंपांचे, उसाच्या चरकाचे सुटे भाग बनायचे. आई दवाखान्यात नर्स. तिची ड्यूटी संपेपर्यंत शाळेनंतरचा सगळा वेळ श्रुती शेडमध्येच असायची. तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास तिच्या दप्तरालाही लागला होता.

कारगिलची लढाई होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पुण्यातल्या एका संस्थेत तेव्हा नव्या धाटणीच्या रॉकेटाचं काम चाललं होतं, आणि त्याचा अगदी लहानसा भाग, चाचणीपुरता, पप्पांकडं करायला आला होता.

सैन्याकडं रॉकेटं आधीही होती. ट्रकच्या पाठीवर नळ्यांची चवड, आणि प्रत्येक नळीत एक रॉकेट. पण एकदा सुटलं की ते आपल्या त्या दगडासारखंच. जितकं लांब जाईल तितकं भरकटायचं. एकाचा नेम नाही, म्हणून मग पुष्कळ सोडायची आणि पडतील तिथला अख्खा माळ भाजून काढायचा. नव्या रॉकेटाच्या नाकाडात मात्र एक छोटा मेंदू बसणार होता. आपण कुठं आहोत हे तो आभाळातल्या उपग्रहांकडून ओळखणार, कुठं जायचं ते त्याला आधीच सांगून ठेवलेलं असणार, आणि नाकाडाजवळचे चार छोटे पंख किंचित पिळून तो रॉकेटाला वाटेवर आणणार. ते चार पंख पप्पांनी करायचे होते. पांढऱ्या, हलक्या धातूचे, प्रत्येक जेमतेम तळहाताएवढा.

कागदावर त्या पंखांना लांबलचक इंग्रजी नाव होतं. शेडमध्ये मशीन चालवणारे केरबामामा गगनबावड्याकडचे. त्यांनी पहिला पंख हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "ह्यो तर कान हाय की." त्या दिवसापासून ते कानच झाले. पुण्याचे साहेबसुद्धा फोनवर विचारायला लागले, "कान कधी देताय?"

शेडच्या दाराशी स्टुलावर श्रुतीचा थोरला काका बसलेला असायचा. त्याचं नाव नागसेन, पण गल्लीत सगळे त्याला फौजी म्हणत. सैन्यात तो त्याच नळ्यांच्या ट्रकवर होता. रॉकेटांच्या आवाजानं त्याचा डावा कान पार गेला होता, उजवा थोडा उरला होता. मुदतीआधीच नोकरी सोडून तो घरी आला. कानामुळं आला, असं सगळे धरून चालले होते. शेडमध्ये तो पेट्या बांधायचा, माल मोजून द्यायचा, आणि बाकी वेळ रस्त्याकडं बघत राहायचा.

केरबामामा त्याला सोडत नसत.

"काय फौजी, रॉकेटाला कान आलं आन् तुमचं गेलं. असं कसं वो?"

"काय?"

"म्हटलं, च्या घ्या."

"च्या न्हाई म्हटलास तू. माझ्या कानाला नाव ठेवलंस."

"मग येतंय की ऐकू. उगं सोंग करताय."

काका हसायचा. पण ते हसू ओल्या काडीसारखं, पेटलं न पेटलं तोच विझायचं.

दसऱ्याच्या आधी चारही कान तयार झाले. पुण्याहून साहेब आले. त्यांनी प्रत्येक कान फिरवून फिरवून मोजला, "पास" म्हणाले, आणि जाताना पप्पांचा हात हातात घेऊन हलवला. आता पुन्हा मोजणी नव्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी येणार, पुण्यात कानांवर लेप चढणार आणि ते थेट चाचणीच्या रॉकेटाला बसणार. पप्पांनी त्या दिवशी सगळ्यांसाठी भडंग आणलं. पंपाचे भाग करणाऱ्या त्यांच्या शेडवर एवढ्या मोठ्या लोकांनी विश्वास टाकला होता. ते एकटेच मशीनजवळ उभे राहून मधूनच हसत होते, हे श्रुतीनं पाहिलं.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी उद्यमनगरात सगळी यंत्रं गप्प असतात. रॉकेलनं मशिनी पुसायच्या, पाने-हातोड्या घासून ओळीनं मांडायच्या, त्यांना हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. श्रुतीचं घर बौद्ध. त्यांच्याकडं ही पूजा नसते. त्यांचा दसरा म्हणजे पांढरे कपडे घालून विहारात जायचं, वंदना करायची. पण केरबामामांना वर्षाचा हा दिवस चुकवून चालत नसे, आणि पप्पांनी त्यांना कधी अडवलं नव्हतं.

"पुसायला माझी ना न्हाई, केरबा. पर मशिनीला कुंकू नको."

"मशीन तुमची, मालक. हातोडी माझी हाय, घरनं आणलेली. तिला लावतो."

"लाव की मग."

शाळेला सुट्टी होती. केरबामामांनी श्रुतीच्या हातात फडकं दिलं. "दिसंल ती वस्तू चमकली पायजे. एक बी मळकी ऱ्हाता कामा न्हाई, काय? मी झेंडू घेऊन आलो." आणि ते सायकलवर टांग टाकून गेले. पप्पा आतल्या खोलीत फोनवर बोलत होते. काका दारात, रस्त्याकडं तोंड करून.

श्रुतीनं पाने पुसले, शिकंजा पुसला, खिडकीचे गजसुद्धा पुसले. मग तिची नजर टेबलावर गेली. पांढऱ्या कापडावर चार कान मांडून ठेवले होते. मशीनच्या पात्याच्या बारीक बारीक रेघा त्यांच्या अंगावर होत्या, त्यामुळं ते जरा फिकट, धुरकट दिसत होते. सगळ्या शेडमध्ये आता तेवढेच मळके राहिले होते.

फडक्यानं त्या रेघा गेल्या नाहीत. तिनं खणातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला. केरबामामा वापरायचे, तसाच तिनं तो बोटाला गुंडाळला आणि एका कानाची कड घासायला लागली. थोड्या वेळानं रेघा विरल्या. आणखी घासल्यावर कड अशी उजळली, की हुपरीच्या दुकानातले चांदीचे पैंजण आठवावेत. तिच्या बोटांना करडी, चमचमती भुकटी लागली.

कान चांगला घासून झाल्यावर तिनं तो तोंडाजवळ धरला. कानात बोलायचंच असतं ना. ती हळूच म्हणाली, "माणसं असतील तिकडं जाऊ नको हं."

दुसरा घ्यावा म्हणून तिनं हात पुढं केला, तर काका उठून आत येत होता. पेटी भरायची वेळ झाली होती. काकानं एकेक कान तेलकट कागदात गुंडाळला, फोमच्या खाचेत बसवला आणि झाकण लावलं. त्याचे डोळे नेहमीसारखेच कुठंतरी दुसरीकडं होते. श्रुती मनात खूश होती. गाडी जाताना केरबामामांना सांगू, की तुम्ही म्हणालात तसा एक तरी कान मी चमकवला.

दुसऱ्या दिवशी विहारातून सगळे घरी आले. जेवणं झाली. आज्जी, शेवंताबाई तिचं नाव, अजून पांढऱ्या साडीतच होती. पाय लांब करून भिंतीला टेकून बसली आणि पप्पांकडं बघत राहिली. 

"काय झालं आई? पाय दुखत्यात काय?"

"पायाचं काय न्हाई. आज शील म्हणताना माझी जीभ अडली बघ. जिवाची हिंसा करनार न्हाई, असं तू बी माझ्या शेजारी हुबं राहून म्हटलास. आन् उद्या तुझी पेटी जाणार."

"आपण कान करतोय, आई. फुटायचं सामान आपलं न्हाई. रॉकेट भलतीकडं जाऊ नये, एवढ्यासाठीच तर कान हाईत."

"मग जिकडं जायचं तिकडं जाऊन ते काय करतंय?"

पप्पांनी पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडं ठेवला.

काका समोर बसला होता. तो ओठांवरनं बोलणं ओळखायचा. तो म्हणाला, "त्येला नको बोलूस, आई. त्येनं केलेला कान माझ्या येळंला असता तर बरं झालं असतं."

कानानं अधू माणसं बोलतात तसा तो मोठ्यानं बोलत होता. बाहेर कुणीतरी जाता जाता थबकलं आणि पुढं गेलं.

मग काकानं सांगितलं. इतक्या वर्षांत त्यानं ते घरात सांगितलं नव्हतं. लढाईतली गोष्ट नव्हती ती, सरावाची होती. लांब वाळवंटातलं मैदान. आजूबाजूच्या लोकांना आधीच हलवलं होतं, जीप फिरवून भोंग्यावर ओरडून सांगितलं होतं. त्या सकाळी काकाच्या ट्रकवरनं रॉकेटं सुटली. वर गेल्यावर वारं फिरलं आणि एक रॉकेट हद्दीबाहेर गेलं. तिथं मेंढपाळाचं एक खोपट होतं. ते रिकामं आहे असं सगळ्यांना वाटत होतं. पण एक बाई आणि तिची मुलगी मागं राहिलेलं करडू न्यायला परत आल्या होत्या.

"किती मोठी मुलगी?" श्रुतीनं विचारलं.

काकाला ते ऐकू आलं नसावं. किंवा आलं असेल.

"चौकशी झाली," तो म्हणाला. "कुणाची बी चूक निघाली न्हाई. कागदावर वाऱ्याचं नाव आलं."

"तेच म्हणतोय मी, दादा," पप्पा म्हणाले. "कान असतं तर ते खोपट वाचलं असतं."

"व्हय. वाचलं असतं." काकानं मान हलवली. "पर मला निजताना म्हणाया तरी येतंय, वारं हुतं. आता तुझं ह्ये रॉकेट आपण सांगू तिथंच जाणार. मग तिथं कुणी मेलं, तर नाव कुणाचं सांगायचं?"

आज्जीनं काकाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

श्रुतीला एक गोष्ट मात्र पक्की कळली. कान नीट असला तर खोपट वाचतं. तिनं पप्पांना विचारलं, "पप्पा, एक कान थोडा बारीक झाला तर?"

विषय बदलला म्हणून पप्पांना बरं वाटलं असावं. ते तिच्याजवळ सरकले. शिकवायला त्यांना आवडायचं. त्यांनी तिच्या डोक्याचा एक गळलेला केस उचलला आणि बोटांत धरला.

"ह्या केसाएवढी कड झिजली ना, तर बास. रॉकेट लई जोरात जातंय. वारं कापत जातंय. एका बाजूचा कान एक वागला आन् दुसऱ्या बाजूचा दुसरं, तर रॉकेट गरगरायला लागतंय. मेंदू सांगतोय डावीकडं, आन् ते जातंय उजवीकडं. इथनं जोतिबाच्या डोंगराकडं सोडलं, तर मधीच एखाद्या गावात पडंल. म्हणून तर साहेब येवढं मोजत हुते. मोजल्यावर मी केरबाला बी हात लावू दिला न्हाई."

"पास झालेला असला तरी?"

"पास झाला तवा नीट हुता, एवढाच त्येचा अर्थ, बाळा. नंतर कुणी काय केलं, ते कागदाला काय ठावं?"

श्रुतीनं आपल्या बोटांकडं पाहिलं. आदल्या दिवशीची करडी भुकटी नखांच्या कडेला अजून होती. साबणानं गेली नव्हती. तिनं मुठी मिटल्या.

तिनं त्या कानात जे सांगितलं होतं, ते त्यात शिरलं नव्हतं. तिचं घासणं मात्र शिरलं होतं.

त्या दिवशी उरलेला सगळा वेळ ती उंबऱ्यावर बसून होती. सोनं द्यायला शेजारची मुलं आली, आपट्याची पानं तिच्या हातात ठेवून गेली. सांगावं, तर पप्पांचं सगळं काम वाया. एक कान गेला की चारही गेले. चारही एकसारखे हवेत, हे तिला ठाऊक होतं. चाचणी थांबणार. पुण्याचे लोक म्हणणार, ज्याच्या शेडमध्ये पोरं तयार मालाला हात लावतात, त्याला काम कशाला द्यायचं? पप्पा मशीनजवळ उभे राहून पुन्हा असे हसणार नाहीत. आणि न सांगावं, तर कुठंतरी एक खोपट होतं. त्यात एक मुलगी होती, आणि ती किती मोठी होती ते काकानं सांगितलं नव्हतं. म्हणून श्रुतीनं ती आपल्याएवढीच धरली.

आणि आज्जीचा प्रश्न तर उरलाच होता. कान नीट केला, तर रॉकेट नीट जाणार. पण कुठं? त्याचं उत्तर श्रुतीला सापडेना. तुम्हाला सापडलं तर जपून ठेवा.

सकाळी गाडी आली. ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होता. शेडमध्ये केरबामामांनी मशीन सुरू केली होती, पुन्हा पंपाचे भाग निघत होते. हातोडीवर कुंकू अजून तसंच होतं. पप्पा नवा शर्ट घालून आले होते आणि पेटीभोवती सुतळी आवळत होते. काका पेटीशेजारी स्टुलावर बसून दुसरं टोक धरून होता.

श्रुती दारातून आत आली. पप्पांना सांगायचं तिच्यानं होईना. काकाला सांगावं, असं तिनं ठरवलं होतं. काका कुणाचं काही कुणाला सांगत नाही. त्याच्या कानात सांगावं, पुढं काय करायचं ते तो बघेल.

ती त्याच्याजवळ गेली, टाचा उंचावल्या आणि अगदी हळू म्हणाली, "काका, एक कान मी पॉलिश पेपरनं घासलाय."

काका सुतळीकडं बघत राहिला. घाईत ती डाव्या बाजूला उभी राहिली होती. ती वळसा घालून उजवीकडं आली, तोंड त्याच्या कानाला लावलं आणि पुन्हा तेच म्हणाली.

"काय म्हणतीस?" काकानं मान वळवली. "मशिनीत काय ऐकू येत न्हाई. मोठ्यानं बोल की."

त्याच्या मोठ्या आवाजानं सगळ्यांचं लक्ष तिकडं गेलं. केरबामामांनी हात लांब करून मशीन बंद केली. घरघर हळूहळू खाली उतरली आणि थांबली. शेडमध्ये एकदम एवढी शांतता झाली, की ड्रायव्हरच्या बशीचा आवाज आला.

"काय सांगायलीया फौजीला?" केरबामामा म्हणाले. "दसऱ्याला कापड घेतलं न्हाई म्हणून रुसलीया काय?"

ड्रायव्हर हसला. पप्पाही हसले, सुतळीची गाठ त्यांच्या बोटांत अजून अर्धीच होती. काकानं आपला उजवा कान तिच्यापुढं केला, त्यामागं हाताची ओंजळ धरली आणि तो वाट बघत राहिला.

श्रुतीनं एकदा पप्पांकडं पाहिलं. मग काकाच्या खांद्याला धरून तिनं छाती भरून श्वास घेतला, आणि गाडीवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते पुन्हा सांगितलं.